देवळालीचे गणितवेडे गुरुजी : द. रा. कापरेकर

आपल्या देवासवरून जाणारा आग्रा-मुंबई रस्ता धार जिल्ह्यातल्या धामनोद, खलघाटवरून महाराष्ट्रात उतरतो आणि नाशिकला पोचतो. तिथून जवळच देवळाली आहे. या गावात दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९३० ते १९६२ शाळामास्तर म्हणून नोकरी केली.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूचा. शाळा ठाण्याला, पुढे पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज. तिथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते बी. एस्सी. झाले. त्यापुढची पदवी त्यांच्याकडे नव्हती. शाळा सांभाळून उरलेला वेळ ते आकड्यांना देत.

त्यांची रीत एका मोठ्या संख्येवरून समजते. नऊ वेळा १ लिहा : १११११११११. या संख्येचा वर्ग करा. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा आकडी संख्या, नऊपर्यंत चढते आणि तशीच उतरते. अशा संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ नाव दिले. मुंबईपासून तीस मैलांवरच्या ज्या रेल्वे स्टेशनवर ही कल्पना सुचली, त्या स्टेशनचे!

आता याच संख्येतल्या आकड्यांची बेरीज करा : ८१. नऊ एकांच्या संख्येला ९ ने भाग जातो (भागाकार १२३४५६७९), म्हणून तिच्या वर्गाला ८१ ने भाग जाणारच. आपल्या आकड्यांच्या बेरजेने भागली जाणारी संख्या, तिला कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटले, म्हणजे आनंद देणारी. एकच संख्या डेम्लोही आणि हर्षदही!

आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांना हे पोरखेळ वाटले. मोठ्या नियतकालिकांत जागा मिळेना, तेव्हा गुरुजींनी स्वतः पुस्तिका छापल्या. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि जगभर नाव झाले. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते, पेन्शन पुरत नसल्याने शिकवण्या करत होते. १९८६ मध्ये देवळालीतच त्यांचे निधन झाले.

पदवी थोडी, पगार बेताचा, गाव लहान, असे आपल्यापैकी अनेकांचे असते. कापरेकरांचेही तेच होते. पण कौतुकाची वाट बघत त्यांनी हातातले काम थांबवले नाही. नोकरदार माणसाने त्यांच्याकडून एवढे जरी घेतले तरी पुष्कळ आहे.

मंडळातल्या मुलांसाठी त्यांचा प्रसिद्ध खेळ : एमपी ४१ किंवा एमपी ११ च्या कुठल्याही गाडीचा चार आकडी नंबर घ्या. चारही आकडे सारखे नकोत. आकडे उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. शून्य आले तर तेही धरा. उदा. ३५२४ : ५४३२ – २३४५ = ३०८७; ८७३० – ०३७८ = ८३५२; ८५३२ – २३५८ = ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. हाच जगप्रसिद्ध ‘कापरेकर स्थिरांक’. आरतीला जमाल तेव्हा करून बघा. बुद्धिदात्या गजाननालाही आवडेल!