विश्लेषण : खंजिरीवरच्या भजनांची इंग्रजांना धास्ती का वाटली? तुकडोजी महाराज, 1942 आणि ‘शहीद’ गावे

अमरावती जिल्ह्यातील यावली आणि बेनोडा, शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील आष्टी. या गावांच्या नावापुढे ‘शहीद’ हा शब्द लागतो. 1942 च्या लढ्यात बळी गेलेल्यांची आठवण गावाच्या पत्त्यातच राहिली आहे. यातील यावली हे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे जन्मगाव. याच लढ्यात महाराजांनाही तुरुंगात जावे लागले होते.

महाराज कोण होते?
जन्म 30 एप्रिल 1909, मूळ नाव माणिक. घरची गरिबी, शाळा बेताचीच. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. ‘तुकड्या’ हे नाव त्यांनीच दिले. हातात खंजिरी घेऊन महाराज मराठी आणि हिंदी भजने गात गावोगाव फिरले. 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. 1936 मध्ये ते सेवाग्रामला महात्मा गांधींच्या सहवासात राहिले.

1942 मध्ये काय घडले?
16 ऑगस्टला नागपंचमी होती. त्या दिवशी चिमूर आणि आष्टीत लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला. चिमूरला बालाजी रायपूरकर हा कोवळ्या वयाचा मुलगा गेला. आष्टीत सत्याग्रही पडले, जमावाच्या हातून पोलिसही मारले गेले. पुढे दडपशाही आणि फाशीच्या शिक्षांनी दोन्ही गावे होरपळली. या भागात महाराजांच्या भजनांना मोठी गर्दी होत असे आणि देशासाठी उभे राहा, हाच त्या भजनांचा सूर असे. लोकांना चेतवल्याचा ठपका ठेवून ऑगस्टअखेर त्यांना अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात राहून ते डिसेंबरमध्ये सुटले.

सुटकेनंतर?
ज्या गावांनी माणसे गमावली ती पुन्हा उभी कशी राहणार, हा प्रश्न समोर होता. महाराजांनी श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव पसरवल्या. सामुदायिक प्रार्थना, ग्रामसफाई, व्यसनमुक्ती, अस्पृश्यता निवारण हे मंडळाचे रोजचे काम. हाच विचार पुढे 41 अध्यायांच्या ‘ग्रामगीते’त आला.

सीमेवर कशासाठी गेले?
1962 च्या चीन युद्धात आणि 1965 च्या पाकिस्तान युद्धात महाराज सीमेवर गेले आणि जवानांसमोर भजने गायली. शेताच्या बांधावर वाजणारी खंजिरी आघाडीवरही वाजली.

आठवण कशी जपतात?
11 ऑक्टोबर 1968 रोजी दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी गुरुकुंजात महाराजांचे निधन झाले. दरवर्षी पुण्यतिथीला, अश्विन वद्य पंचमीला, नेमक्या त्याच वेळी लाखो गुरुदेवभक्त मोझरीत मौन श्रद्धांजली वाहतात. तिकडे चिमूर आणि आष्टीत 16 ऑगस्टला हुतात्म्यांना अभिवादन होते.

म्हणजे काय?
हुतात्मा स्मारकावर फूल वाहायला वर्षातून एक दिवस पुरतो. गावाचे नाव मात्र शाळेच्या दाखल्यावर आणि सातबाऱ्यावर वर्षभर लिहिले जाते. त्यातल्या ‘शहीद’ शब्दाचा अर्थ पुढच्या पिढीला सांगणे हे घरातल्या मोठ्यांचे काम. महाराजांनी त्याला रोजच्या ग्रामसेवेची जोड दिली.