नाडीच्या रेषेत रक्तदाब वाचणारे डॉ. महोमेद

दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची पद्धत इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये आणली. त्याच्या जवळजवळ पाव शतक आधी लंडनच्या गायज् इस्पितळातील एक विद्यार्थी मनगटावरील नाडीच्या आलेखातून वाढलेला रक्तदाब ओळखू लागला होता. त्याचे नाव फ्रेडरिक अकबर महोमेद.

११ एप्रिल १८४९ रोजी ब्रायटन येथे जन्मलेल्या महोमेद यांचे आजोबा मूळचे पाटण्याचे. इंग्रजीत पुस्तक लिहिणारे पहिले भारतीय आणि ब्रायटनच्या स्नानगृहात आपल्याकडच्या चंपीला थेट राजाश्रय मिळवून देणारे दीन महोमेद ते हेच. नातवाने मात्र वैद्यकाची वाट धरली.

फ्रान्सच्या मारे यांनी १८६० मध्ये नाडीलेखक यंत्र तयार केले होते. नाडीच्या ठोक्यासरशी त्याची तरफ हलून कागदावर रेषा उमटे. परंतु धमनी किती जोराने दाबली आहे, हे कळत नसे. तो दाब मोजता येईल अशी सुधारणा महोमेद यांनी १८७२ मध्ये, विद्यार्थिदशेतच केली. धमन्या ताठर झाल्या की नाडीची लाट वेगाने धावते आणि परावर्तित होऊन हृदयाकडे लवकर परतते. त्यामुळे महाधमनीतील दाब चढतो आणि आलेखाचा माथा उंच, रुंद होतो. परावर्तनाची ही मीमांसा नंतरची. पण माथ्याचा तो आकार महोमेद यांनी अचूक हेरला होता.

मूत्रपिंड आधी बिघडते आणि मग हृदयावर ताण येतो, अशी त्या काळची समजूत होती, आणि तिचे माहेरघर गायज् हेच! महोमेद यांनी १८७४ मध्ये तिला छेद दिला. लघवीत अल्ब्युमिन दिसण्यापूर्वीच रक्तदाब वाढलेला असतो, असे त्यांनी मांडले. पुढे तर मूत्रपिंड धडधाकट असलेल्या, हिंडत्याफिरत्या माणसांतही तो वाढलेला असू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. उच्च रक्तदाब हा स्वतंत्र विकार आहे, या आजच्या धारणेचे मूळ तेथे आहे.

२२ नोव्हेंबर १८८४ रोजी विषमज्वराने त्यांचा बळी घेतला, तेव्हा त्यांचे वय अवघे ३५ होते. पुढे पट्टा आला. वरचा आणि खालचा असे दोन आकडे हाती येताच नाडीची रेषा अडगळीत पडली. ऑस्ट्रेलियाचे हृदयविकारतज्ज्ञ मायकेल ओरूर्क यांनी १९९२ मध्ये महोमेद यांच्यावर लेख लिहून त्यांच्या कार्याला उजाळा दिला. मनगटावर पेनासारखा संवेदक टेकवून, सुई न टोचता, महाधमनीतील दाबाचे गणित मांडणारी संगणकीय पद्धत विकसित करण्यात याच ओरूर्क यांचा मोठा वाटा आहे.