नापास शिक्षक : ग्रेगोर मेंडेल

शाळेत आनुवंशिकतेचा धडा सुरू होतो तो मेंडेलच्या वाटाण्यांपासून. पण हा संशोधक स्वतः १४ वर्षे शाळेत शिकवीत होता आणि शिक्षक म्हणून कधीच कायम झाला नाही, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

आजच्या चेक प्रजासत्ताकातील एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी, १८२२ साली त्याचा जन्म झाला. घरची ओढगस्त, धाकट्या बहिणीने आपल्या हुंड्यातला वाटा दिला म्हणून शिक्षण चालू राहिले. पुढे भाच्यांच्या शिक्षणाला हातभार लावून त्याने ते ऋण फेडले. पोटाची विवंचना मिटावी म्हणून १८४३ साली तो ब्रनोच्या मठात दाखल झाला.

१८५० साली व्हिएन्नात तो शिक्षकाच्या परीक्षेत नापास झाला. मठाने त्याला तेथील विद्यापीठात धाडले. १८५६ साली तो पुन्हा परीक्षेला बसला. याही वेळी यश आले नाही. १८५४ ते १८६८ पर्यंत ब्रनोच्या शाळेत त्याने पदार्थविज्ञान आणि निसर्गविज्ञान शिकविले, ते हंगामी शिक्षक म्हणूनच.

त्याच १८५६ साली मठाच्या बागेत वाटाण्याचे प्रयोग सुरू झाले. ८ वर्षांत सुमारे २८,००० रोपे! गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या संकरातून पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. दुसऱ्या पिढीत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. म्हणजे जवळजवळ तिनास एक. गुण एकमेकांत विरघळून जात नाहीत, आईबापांकडून सुटे घटक येतात, हे त्याने ओळखले. १८६६ साली निबंध छापला गेला. दखल फारशी कोणी घेतली नाही. १८८४ साली तो वारला. त्याच्या कामाचे मोल जगाला १९०० साली कळले.

तो घटक म्हणजे डी.एन.ए.चा तुकडा. त्याची दुहेरी सर्पिल रचना १९५३ साली उलगडली आणि सुरकुतीचे कारण १९९० साली सापडले. त्या वाटाण्याच्या डी.एन.ए.त सुमारे ८०० जोड्यांचा जादा तुकडा मध्येच शिरलेला असतो. त्यामुळे पिष्ट घडविणारे एक विकर नीट तयार होत नाही. साखर साचते, दाणा जास्त पाणी शोषतो आणि वाळताना आकसतो. रचना बिघडली की कार्य बिघडते, हा सारा धडा एका दाण्यात सामावला आहे.

मित्रहो, निकालाच्या यादीत आपले नाव सापडले नाही, तर ब्रनोच्या या हंगामी मास्तराची आठवण ठेवावी. दुसऱ्यांदा हुकलेली परीक्षा आणि पहिली पेरणी, दोन्ही एकाच वर्षातल्या.