बी. रघुनाथ : वर्ग सुटल्यानंतरचे शिक्षण



या घटकात आपण मराठवाड्यातील कवी, कथाकार व कादंबरीकार बी. रघुनाथ यांच्या जीवनाचा परिचय करून घेणार आहोत. आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण मध्येच थांबले आणि नोकरी, शेती किंवा संसार सांभाळत आपण ते पुन्हा सुरू केले. म्हणून हे चरित्र वाचताना एक प्रश्न मनाशी ठेवावा : वर्गातील शिक्षण संपल्यावर माणसाचे शिकणे कोठे आणि कसे चालू राहते?

जन्म व काळ

भगवान रघुनाथ कुलकर्णी हे त्यांचे पूर्ण नाव. १५ ऑगस्ट १९१३ रोजी तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील सातोना या गावी त्यांचा जन्म झाला. हा सारा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता व राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र यांसारखे विषयही उर्दूतून शिकवले जात आणि त्यासाठी लागणारी पुस्तके तयार करण्याकरिता स्वतंत्र भाषांतर विभाग काम करीत असे. देशी भाषेतून विज्ञान शिकवण्याचा तो मोठाच उपक्रम होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु मराठी, तेलुगू व कन्नड मुलांची अडचण त्याने सुटली नाही. प्रयोगशाळेतील निरीक्षण एका भाषेत नोंदवायचे आणि जात्यावरची ओवी मात्र दुसऱ्या भाषेत कानी पडायची, अशी ही स्थिती होती. विज्ञान आणि कविता यांच्यामध्ये भाषेचीच भिंत उभी होती.

शिक्षण व नोकरी

या परिस्थितीत मराठी शिक्षणासाठी झटणारी हैदराबादची विवेकवर्धिनी ही संस्था १९०७ पासून कार्यरत होती. सातोन्याचा हा विद्यार्थी पुढील शिक्षणासाठी तेथे गेला. शालेय वयातच त्याला कवितेची गोडी लागली. तथापि घरच्या आर्थिक अडचणींमुळे मॅट्रिकनंतर त्यांचे शिक्षण थांबले. त्यांनी संस्थानाच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी धरली आणि पुढे परभणी हीच त्यांची कर्मभूमी झाली. रस्ते, इमारती, मोजमापे आणि खर्चाचे अंदाज यांच्याशी ज्याचा संबंध, असे हे खाते. काव्याला पोषक ठरेल असे तेथे काय असणार, असे आपणांस वाटेल. बी. रघुनाथांनी मात्र नोकरी आणि लेखन ही दोन्ही ओझी अखेरपर्यंत एकत्र वाहिली.

वाङ्मयीन कार्य

त्यांनी ‘फुलारी’ या नावानेही काव्यलेखन केले. ‘ओ’ ही त्यांची कादंबरी १९३६ साली, ‘साकी’ हा कथासंग्रह १९४० साली, ‘आलाप आणि विलाप’ हा काव्यसंग्रह १९४१ साली, तर ‘अलकेचा प्रवासी’ हा ललित लेखांचा संग्रह १९४५ साली प्रसिद्ध झाला. यांपैकी दोन शीर्षकांकडे लक्ष द्या. ‘साकी’ हा शब्द फारसी-उर्दू काव्यपरंपरेतून आला आहे. ‘अलका’ ही कालिदासाच्या ‘मेघदूता’तील यक्षांची नगरी होय. शासनाची भाषा त्यांना परकी वाटली असती तरी नवल नव्हते. तिच्या काव्यातील धन त्यांनी नाकारले नाही. ते मराठीत आणले. निजामी राजवटीतील मराठवाड्याचे ग्रामजीवन व सामान्य माणसाची कुचंबणा हे त्यांच्या गद्यलेखनाचे महत्त्वाचे विषय आहेत.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी, ७ सप्टेंबर १९५३ रोजी, कार्यालयात काम करीत असतानाच बी. रघुनाथांचे निधन झाले. वयाची चाळीस वर्षे पूर्ण होऊन महिनाही लोटला नव्हता. ‘आडगावचे चौधरी’ ही कादंबरी (१९५४) आणि ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ हा काव्यसंग्रह (१९५५) ही पुस्तके त्यांच्या मृत्यूनंतर प्रकाशित झाली. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९५८ साली. नोकरी करीत घरी बसून पदवी घेता येईल असे महाराष्ट्राचे मुक्त विद्यापीठ तर १९८९ साली स्थापन झाले. आज आपल्या हाती असलेली संधी त्यांच्या वाट्याला आली नाही. त्यांच्या लेखनाचे मोल ठरवताना ही वस्तुस्थिती ध्यानात घ्यावी; मात्र केवळ सहानुभूतीपोटी त्या लेखनाला मोठे म्हणू नये. ते वाचूनच आपले मत बनवावे.

आपण करून पाहा

विज्ञानाचा विद्यार्थी प्रयोगवहीत आधी निरीक्षण लिहितो आणि मगच अनुमान काढतो. आपल्या कामाच्या ठिकाणचा एक प्रसंग याच रीतीने दहा ओळींत लिहा. पहिल्या आठ ओळींत केवळ पाहिलेले व ऐकलेले असू द्या. त्यानंतर बी. रघुनाथांची एखादी कथा वाचून तिच्यातील निरीक्षणे आणि अनुमाने वेगळी काढा.