पर्वतवाटांवरचे पाळक : रेव्ह. वॉल्टर वेस्टन

मे महिना उजाडला की दिल्लीतील आमच्या करोल बागेत बोलण्याचा विषय एकच असतो. यंदा कोणत्या डोंगरावर जायचे? सकाळपासूनच लू अंगाला झोंबू लागते. सोने गाळण्याच्या धंद्यासाठी सांगली-साताऱ्याकडून येथे येऊन राहिलेली मराठी माणसे तशा उन्हातही भट्टीपुढे बसलेली असतात, आणि मुले सुटीचे दिवस मोजत असतात. कोणी मसुरीचे नाव काढतो, कोणी नैनितालचे, कोणी सिमल्याचे. रविवारची उपासना संपल्यावर आवारातील झाडाखाली हीच चर्चा रंगते. मग एका रात्री बस निघते आणि चार दिवसांनी परत येते. काय पाहिले असे विचारले, तर हवा फार थंड होती, एवढेच उत्तर बहुधा मिळते.

डोंगरावर जाऊन माणसाने काय पाहावे, आणि तेथे कोणाला पाहावे? या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या आयुष्यात सापडते, असे एक धर्मसेवक जपानमध्ये होऊन गेले. जपानी गिर्यारोहक त्यांचे नाव आजही आदराने घेतात. त्यांचे नाव रेव्ह. वॉल्टर वेस्टन.

इंग्लंडमधील डर्बी या गावी २५ डिसेंबर १८६१ रोजी, म्हणजे नाताळच्याच दिवशी, त्यांचा जन्म झाला. फुलामुलांचे कवी म्हणून आपण ज्यांना ओळखतो, ते रेव्ह. नारायण वामन टिळकही त्याच महिन्यात कोकणातील करजगावी जन्मले. दोघांच्या वाटा अगदी निराळ्या. परंतु सृष्टीकडे पाहताना सृष्टिकर्त्याचे स्मरण व्हावे, ही वृत्ती मात्र दोघांची एकच होती.

वेस्टन यांचे शिक्षण डर्बी येथील शाळेत व पुढे केंब्रिजच्या क्लेअर कॉलेजात झाले. रिडली हॉलमध्ये धर्मशिक्षण घेऊन १८८५ मध्ये त्यांना सेवेची दीक्षा मिळाली आणि रेडिंग येथे ते साहाय्यक पाळक म्हणून काम करू लागले. स्वित्झर्लंडच्या आल्प्स पर्वतात गिर्यारोहण करण्याचा छंद त्यांना त्याच काळात लागला. १८८८ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने त्यांना जपानला पाठविले. नाशिकच्या शरणपूरशी जिचे नाव जोडलेले आहे, तीच ही सोसायटी. त्यांचा पहिला मुक्काम क्यूशू बेटावरील कुमामोतो येथे होता. पुढल्याच वर्षी ते कोबे या बंदराच्या गावी आले आणि १८९५ पर्यंत तेथील परदेशी मंडळींचे पाळक म्हणून त्यांनी सेवा केली.

त्या काळचा जपान डोळ्यांपुढे आणला पाहिजे. ख्रिस्ती धर्मावरील बंदीचे जाहीर फलक तेथे १८७३ मध्ये काढण्यात आले होते. परदेशी माणसाला देशाच्या अंतर्भागात जायचे तर १८९९ पर्यंत खास परवाना लागे. उन्हाळ्याच्या उकाड्याने त्रासलेले मिशनरी बहुधा कारुइझावा या थंड हवेच्या ठिकाणी जात. ए. सी. शॉ या मिशनऱ्यांनी तेथे १८८८ मध्ये बंगला बांधल्यापासून ते गाव नावारूपाला येत होते. आपल्याकडे महाबळेश्वर किंवा लँडूर येथे जसे मिशनरी उन्हाळ्यात जमत, तसाच तो प्रकार. वेस्टन मात्र आपला उन्हाळा निराळ्याच प्रदेशात घालवू लागले. होन्शू बेटाच्या मध्यभागी उंच पर्वतांच्या रांगा आहेत. ओसाकाच्या टांकसाळीत काम केलेल्या विल्यम गौलंड या इंग्रजाने १८८१ मध्ये त्यांना जपानी आल्प्स असे नाव दिले होते. वेस्टन यांच्या लेखणीने ते नाव जगभर गेले.

हे पर्वत माणसांना अगदीच अपरिचित होते असे मात्र नव्हे. पांढरी वस्त्रे नेसलेले यात्रेकरू उन्हाळ्यात फुजी आणि ओंताके या पवित्र पर्वतांवर शतकानुशतके चढत आले होते. भाल्याच्या टोकासारखे दिसणारे यारी हे ३,१८० मीटर उंचीचे शिखर बान्रयू नावाच्या बौद्ध भिक्षूने १८२८ मध्येच सर केले होते. शिकारी आणि लाकूडतोडे तर रानातच राहत. पर्वत हे दैवतांचे निवासस्थान. तेथे जायचे ते पूजेसाठी किंवा पोटासाठी. केवळ आनंदाने, पाहण्यासाठी पर्वतावर जावे, ही कल्पना त्या खेडुतांना नवी होती.

वेस्टन १८९० मध्ये फुजीवर चढले. १८९१ मध्ये ते यारीच्या वाटेला लागले, पण पावसाने त्यांना माथ्याजवळून परत फिरविले. १८९२ मध्ये ते पुन्हा गेले आणि शिखरावर पोहोचले. शिमाशिमा खेड्यातून ओढ्याच्या काठाकाठाने चढत जायचे, दोन हजार मीटरहून उंच असलेली तोकुगो खिंड ओलांडायची, आणि मग कामिकोची नावाच्या दरीत उतरायचे, अशी ती वाट. खिंडीच्या माथ्यावर पाऊल पडताच समोर होताका पर्वताची कड्याकड्यांची भिंत एकदम उभी राहते. खाली आझुसा नदीचे नितळ पाणी, काठावर बर्च आणि लार्चची झाडे, आणि भर उन्हाळ्यातही घळींतून न वितळलेले बर्फ. ओल्या खडकांवर बूट घसरतात म्हणून वेस्टन बुटांवर भाताच्या पेंढ्याच्या जपानी वहाणा बांधीत, आणि इतर गिर्यारोहकांनाही त्या वापरण्यास सांगत.

परंतु या माणसाची खरी ओळख पटते ती कासा पर्वताच्या प्रसंगातून. पायथ्याच्या खेड्यातील लोकांची अशी समजूत होती की परक्याने शिखरावर पाऊल ठेवले तर पर्वतावरील शक्ती कोपतील आणि वादळ गावावर कोसळेल. त्यांनी वेस्टन यांना वाटाड्या देण्याचे नाकारले. दुसऱ्या वर्षीही तेच घडले. पिकावर ज्यांचे पोट, त्यांना पावसाची भीती वाटणे स्वाभाविकच होते. वेस्टन दोन्ही वेळा मुकाट्याने परतले. तिसऱ्या खेपेस, १८९४ मध्ये, काही शिकारी त्यांच्याबरोबर जाण्यास तयार झाले आणि त्यांनी कासा शिखर गाठले. नकार ऐकूनही माणसांशी संबंध न तोडणे हा ख्रिस्तसेवेतील कठीण धडा आहे. तो त्यांनी डोंगराच्या पायथ्याशी गिरविला.

कामिकोचीच्या दरीत म्योजिन तळ्याकाठी कामिजो कामोन्जी नावाचा शिकारी झोपडी बांधून राहत असे. मासे धरणे, रानात शिकार करणे यावर त्याचा निर्वाह चाले. १८९३ मध्ये तो वेस्टन यांना माए-होताका शिखरावर घेऊन गेला, आणि तेव्हापासून एक शिकारी व एक पाळक यांची मैत्री जुळली. त्या दोघांचा देश, भाषा आणि धर्म सारेच वेगळे. पण कड्यावर पाय कोठे ठेवावा हे शिकारी सांगे आणि केंब्रिजचा पदवीधर ते ऐके. वेस्टन यांनी आपली बर्फकुऱ्हाड पुढे कामोन्जीला भेट दिली. ती त्याच्या झोपडीच्या जागी आज असलेल्या विश्रामगृहात जपून ठेवलेली आहे.

१८९६ मध्ये लंडनला या भ्रमंतीवरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९०२ मध्ये फ्रान्सेस एमिली फॉक्स यांच्याशी विवाह करून ते पुन्हा जपानला आले आणि योकोहामा येथे पाळक म्हणून राहिले. तेथेच ओकानो किंजिरो या तरुण जपानी कारकुनाच्या हाती त्यांचे पुस्तक पडले. ओकानो आणि त्याचा मित्र कोजिमा उसुई १९०२ मध्येच यारीवर जाऊन आले होते. आपल्याच देशातील पर्वतांविषयी एका परदेशी पाळकाने लिहिलेले पुस्तक पाहून त्यांना नवल वाटले. ते वेस्टन यांना भेटले. इंग्लंडमध्ये गिर्यारोहकांची संस्था कशी चालते हे वेस्टन यांनी त्यांना समजावून सांगितले आणि अशी संस्था स्थापन करण्यास उत्तेजन दिले. त्यातूनच १९०५ मध्ये जपानी गिर्यारोहकांची पहिली संस्था उभी राहिली. पुढारीपण मात्र जपानी तरुणांकडेच राहिले.

१९०४ मध्ये होओ पर्वतावरील एका उभ्या सुळक्याच्या माथ्यावर ते चढले. तेथे त्यांच्यापूर्वी कोणी चढल्याचे माहीत नव्हते. तेव्हा त्या भागातील भाविकांनी त्यांना सुचविले की आपण तेथे देवस्थान बांधू आणि तुम्हीच त्याचे पुजारी व्हा! वेस्टन यांनी ती सूचना अर्थातच स्वीकारली नाही. पण तिच्यामागील स्नेह ओळखून ती आठवण त्यांनी कौतुकाने लिहून ठेवली. ज्या डोंगराळ लोकांनी एकेकाळी त्यांना वाट नाकारली होती, त्यांच्याच जातीच्या लोकांनी त्यांना आपल्या देवस्थानाची सेवा देऊ केली.

१९११ ते १९१५ या काळात ते तिसऱ्यांदा जपानमध्ये होते. १९१३ च्या उन्हाळ्यात फ्रान्सेस वेस्टनही यारी शिखरावर गेल्या. जपानच्या पवित्र पर्वतांवर स्त्रियांना असलेली बंदी सरकारने १८७२ मध्ये उठविली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या चढाईचे महत्त्व कळते. कामोन्जी १९१७ मध्ये वारला. पुढल्याच वर्षी वेस्टन यांचे जपानवरील आणखी एक पुस्तक निघाले.

त्यांचे दोष झाकण्याचे कारण नाही. खेडुतांच्या समजुतींविषयी लिहिताना त्या काळच्या युरोपीय माणसाचा वरचढपणा त्यांच्या लेखणीत कोठे कोठे डोकावतो. मिशनरी म्हणून आलेल्या माणसाने इतके उन्हाळे डोंगरात का घालवावेत, असेही कोणी विचारील. त्यांच्या हातून किती जणांचा बाप्तिस्मा झाला, या मापाने मोजले तर हे आयुष्य कदाचित हलके भरेल. परंतु निर्मितीचा आनंद घेणे हीही उपासनाच आहे, आणि परक्या वाटाड्याच्या हातात विश्वासाने आपला हात देणे हीही साक्षच आहे, असे त्यांचे चरित्र सांगते.

१९३७ मध्ये जपानी सम्राटांनी त्यांना पदक देऊन गौरविले, आणि त्याच वर्षी कामिकोचीच्या खडकात त्यांची धातूची उठावप्रतिमा बसविण्यात आली. मार्च १९४० मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले. पुढे जपान आणि इंग्लंड यांच्यात युद्ध पेटले आणि शत्रूराष्ट्राच्या माणसाची ती प्रतिमा १९४२ मध्ये खडकावरून उतरविण्यात आली. पण १९४७ मध्ये, पराभवाच्या आणि टंचाईच्या दिवसांत, गिर्यारोहकांनी ती पुन्हा जागेवर बसविली. तेव्हापासून जून महिन्याच्या पहिल्या रविवारी तेथे वेस्टन यांचा स्मृतिदिन पाळला जातो, आणि काही जण त्यासाठी तोकुगो खिंडीची जुनी वाट पायी चालून येतात.

कामिकोचीत आता पर्यटकांची रीघ असते. १९३४ मध्ये तो प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला, आणि गर्दीचा भार असह्य झाल्यामुळे १९७५ पासून खासगी मोटारींवर बंधने आली. आता मोटार खालच्या गावी ठेवून बसने किंवा टॅक्सीने वर जावे लागते. सौंदर्य पाहावयास आलेल्यांनीच ते तुडवू नये, यासाठी हा नियम.

वाचकहो, आमच्या करोल बागेच्या पाठीशी जे रिजचे रान आहे, ते प्राचीन अरवली पर्वताचेच उत्तरेकडील टोक. रोज त्याच्या बाजूने जाणारे आपण त्या दगडांकडे क्वचितच पाहतो. यंदाच्या सुटीत कोणी मसुरीला जावो की महाबळेश्वरला. आपले ओझे वाहणाऱ्या हमालाचे, घोड्याचा लगाम धरून चालणाऱ्या मुलाचे नाव तरी विचारावे, आणि वाट तो सांगेल तशी चालावी. कामोन्जीचे नाव आज आपल्याला ठाऊक आहे, ते एका पाळकाने त्याला नावाने ओळखले म्हणून. पर्वत घडविणाऱ्याने त्या पर्वताच्या कुशीत राहणारा माणूसही घडविला आहे. एकाकडे पाहून दुसऱ्याकडे पाठ फिरविली, तर आपण थंड हवा तेवढी घेऊन परत येऊ.