फायनलला पहिला आलेला मुलगा

दादरला प्लाझा सिनेमाजवळ उतरलात तर बसस्टॉपवर ‘वीर कोतवाल उद्यान’ असं नाव असतं. आपल्या हॉस्टेलमधले मुंबईकर घरी जाताना कितीदा तिथून जातात. इकडे कर्जत, नेरळ, माथेरानला तर हे नाव चौकात, पाटीवर, दर पंधरा ऑगस्टच्या भाषणात असतंच. तरी मी फर्स्ट इयरला इथे आले तेव्हा आमच्या विंगमधल्या मुलींना विचारलं, तर हे कोतवाल कोण ते कुणालाच नीट सांगता आलं नाही. कर्जत तालुक्यातल्याच दोघींना एवढं माहीत होतं, की ते हुतात्मा झाले. हुतात्मा या शब्दाची हीच पंचाईत आहे. माणूस मेला कशासाठी तेवढं तो सांगतो. तो शिकला कसा, परीक्षेत काय केलं, पदवी हातात आल्यावर कुठे गेला, ते सगळं बाजूला राहतं. आपण सगळे सध्या नेमके तिथेच अडकलेलो आहोत, म्हणून मला त्या बाजूने लिहावंसं वाटलं. शिवाय कलामसर आणि विश्वेश्वरय्या यांच्यावर आपल्या मॅगझिनमध्ये दरवर्षी लेख असतोच. घरापासून वीस किलोमीटरवरच्या माणसालाही एकदा जागा मिळू दे.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला झाला. माथेरान आपल्याला वन डे पिकनिकचं ठिकाण म्हणून माहीत आहे. नेरळहून टॅक्सी, दस्तुरी नाक्याला उतरा, पुढे चालत किंवा घोड्यावर. हे गाव वसलंच मुळी पाहुण्यांसाठी. ठाण्याचे कलेक्टर मॅलेटसाहेब १८५० मध्ये वर चढले, मग साहेबांचे आणि मुंबईच्या श्रीमंतांचे बंगले झाले, १९०७ मध्ये छोटी गाडी सुरू झाली. बंगल्यांना नोकर लागतात, माळी लागतात, हमाल लागतात, तसा न्हावीही लागतो. कोतवालांचं घर नाभिक समाजातलं, गरीब. अशा घरातल्या मुलाचं करिअर कोणी विचारत नसे. ते जन्माच्या दिवशीच ठरलेलं असायचं, बापाची धोपटी मुलाच्या खांद्यावर.

विठ्ठलचं सुरुवातीचं शिक्षण माथेरानला झालं आणि पुढच्या शिक्षणासाठी त्याला पुण्याला नातेवाइकांकडे पाठवलं. तिथे तो व्हर्नाक्युलर फायनलच्या परीक्षेत पहिला आला.

ही परीक्षा काय होती ते थोडं सांगते, कारण आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीनंतर हा शब्दच गेला. मराठी सातवीच्या शेवटी ही परीक्षा असायची, लोक नुसतं ‘फायनल’ म्हणायचे. तेव्हा एसएससी बोर्ड नव्हतं, मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठ घ्यायचं आणि तिथपर्यंत खेड्यातली फार थोडी मुलं पोचायची. पण फायनल पास झालं की प्राथमिक शाळेत मास्तर होता यायचं. म्हणजे तेरा-चौदा वर्षांच्या मुलापुढे पगाराची, मानाची, पेन्शनीची नोकरी उभी असायची. आपल्याकडे दहावीच्या मार्कांवर सायन्स की कॉमर्स, बारावीनंतर सीईटी, मग कॅप राउंड, मग कॉलेजात आल्यावर प्लेसमेंट. एकेक पायरी पुढे ढकलत आपण खरा प्रश्न विसाव्या-एकविसाव्या वर्षापर्यंत नेतो. त्या काळी तो सातवीतच समोर येऊन बसायचा. घरची परिस्थिती बेताची असली की बहुतेक मुलं फायनलला थांबायची, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. अख्खं घर त्या पगारावर उभं राहायचं.

विठ्ठल थांबला नाही. पुढे शिकायचं म्हणजे हायस्कूलला इंग्रजी लागायचं, आणि वकील व्हायचं तर सगळा कायदाच इंग्रजीत. मी कॉन्व्हेंटमधली. मला इंग्रजी केजीत राइम्सबरोबर फुकट मिळालं, उलट मराठीच कष्टाने मिळवावं लागलं. त्यामुळे मला ही गोष्ट जास्त जाणवते. मराठी शाळेतून येऊन कायद्याची जाड पुस्तकं इंग्रजीत वाचणं, तेही घरात आधी कोणी त्या वाटेला गेलेलं नसताना, हे काय असतं ते आपल्या वर्गातल्या मराठी मीडियमच्या मुलांना विचारा. पहिल्या सेमिस्टरला त्यांना इलेक्ट्रिकलच येत नव्हतं असं नाही, प्रश्नाची भाषा अंगावर यायची. कोतवालांनी मॅट्रिक केलं, कॉलेज केलं, कायद्याची पदवी घेतली आणि ते वकील झाले. मधल्या काळात लग्न झालं, संसार सुरू झाला. लोक त्यांना ‘भाई’ म्हणू लागले.

आता खरी गंमत इथे आहे. माथेरानच्या नाभिकाचा मुलगा वकील झाला, म्हणजे फायनलला सुरू झालेली सगळी धावपळ फळाला आली. पुणं होतं, मुंबई होती, हायकोर्ट होतं. हे सगळं सोडून हा माणूस परत माथेरान आणि कर्जतला आला. आमच्या हॉस्टेलच्या भाषेत सांगायचं तर चांगलं पॅकेज असताना गावी परत. घरचे काय म्हणाले असतील त्याची कल्पना आपण आपल्या घरावरून करू शकतो.

इथल्या शेतकऱ्याची अडचण अशी होती, की ज्या महिन्यांत शेतात जास्त काम, त्याच महिन्यांत घरातलं धान्य संपलेलं. आषाढ-श्रावणात लावणी चाललेली आणि कणगी रिकामी. मग सावकाराकडून खायला भात आणायचा आणि सुगीला परत करायचा. एक मण नेला की दीड मण घालायचा, याला दिढी म्हणतात. आपल्या हिशोबाने बघा, चार-पाच महिन्यांना पन्नास टक्के व्याज. पीक हातात आलं की त्यातला मोठा वाटा आधीच गेलेला, म्हणून पुढच्या पावसाळ्यात पुन्हा सावकार. फीडबॅक लूप म्हणतात तो हाच. भाईंनी यावर धान्य कोठी काढली, म्हणजे धान्याची बँक. पावसाळ्यात गरजूला तिथून धान्य मिळावं, सावकाराच्या दारात जावं लागू नये. कोर्टात सावकाराविरुद्ध केस लढणारा वकील एका माणसाला सोडवतो. कोठी तो लूपच तोडते. मला त्यांच्या आयुष्यातलं हे काम सगळ्यात हुशारीचं वाटतं, पण चौकातल्या पाटीवर ते मावत नाही.

दुसरं काम शाळांचं. आसपासच्या गावांत त्यांनी स्वयंसेवकांच्या मदतीने शाळा चालवल्या, मोठ्या माणसांनाही त्यात शिकवलं. निवडणूक लढवून ते माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षही झाले. ज्या गावात आपल्या बापाने लोकांची हजामत केली, त्याच गावच्या नगरपालिकेत.

शाळांवरून आठवलं. गेल्या वर्षी आपल्या एनएसएसच्या कॅम्पमध्ये आम्ही एका वाडीवर दहावीच्या मुलांना गणित शिकवायला जात होतो. त्यातली एक मुलगी माझ्याहून भरभर त्रिकोणमिती सोडवायची. शेवटच्या दिवशी तिने मला विचारलं, ताई, दहावीनंतर आयटीआय बरं की सायन्स? मी तिला फी, बसचा पास, स्कॉलरशिप, होस्टेल असं सगळं सांगितलं. तिचा प्रश्न तो नव्हताच. तिला विचारायचं होतं, की जास्त शिकले तर मला वाडी सोडावी लागेल का. ठाकूर आणि कातकरी वाड्यांतली मुलं शिकतात ती आश्रमशाळेत, म्हणजे घर तर आधीच सुटलेलं असतं, आणि पुढे शिकलेलं माणूस परत आलेलं त्यांनी फारसं पाहिलेलं नसतं. मी तिला भाई कोतवालांची गोष्ट सांगितली, पण अर्धीच. सिद्धगडपर्यंत गेले नाही. दहावीच्या मुलीला करिअर गायडन्स देताना तो भाग कसा सांगायचा?

तो भाग असा. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईला गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला आणि एका रात्रीत मोठे पुढारी तुरुंगात गेले. भाई भूमिगत झाले. सरकारने त्यांना पकडण्यासाठी बक्षीस लावलं. त्यांनी कर्जत भागात आझाद दस्ता उभा केला. त्यात शेतकरी होते आणि त्यांच्या शाळांतले मास्तरही होते. मानिवलीचे गोमाजी पाटील आणि त्यांचा तरुण मुलगा हिराजी हे बापलेक त्यात होते. आधी धान्य आणि पाटी-पेन्सिलने बांधलेली माणसंच आता जंगलात बरोबर आली. नुसती पत्रकं वाटून अशी माणसं मिळत नाहीत.

त्यांनी निशाणा कोणता धरला ते आपल्यासारख्यांनी नीट बघावं. आपल्या भागात टाटांची दोन जलविद्युत केंद्रं आहेत. खालापूर तालुक्यात खोपोली, १९१५ पासूनचं, आणि कर्जत तालुक्यात भिवपुरी, १९२२ पासूनचं. घाटमाथ्यावर धरणं, अर्ध्या किलोमीटरहून जास्त उंचीवरून पाइपातून पाणी खाली, खाली पेल्टन व्हील. थर्ड इयरच्या इंडस्ट्रियल व्हिजिटला आपण तिथे फोटो काढतो. ही वीज लाखभर व्होल्टच्या तारांनी थेट मुंबईला, गिरण्यांना जायची. महायुद्ध चालू होतं आणि गिरण्या लष्करासाठी कापड काढत होत्या. ज्या वाड्यांच्या डोक्यावरून तारा जायच्या तिथे रात्री रॉकेलची चिमणी असायची.

दस्त्याने या लाइनचे मनोरे पाडले. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात अकरा मनोरे. गिरण्या आणि रेल्वेला त्याचा चांगलाच फटका बसला. पॉवर सिस्टीमच्या लेक्चरला आपण शिकतो, की लाइनमधला मनोरा दोन्ही बाजूंच्या तारांच्या ओढीत तोललेला असतो. चार पायांतले अँगल कापले की तोल जातो, तार जमिनीला लागते, दोष निर्माण होतो आणि लाइन ट्रिप होते. कागदावर सोपं आहे. अंधारात, पावसात, चालू लाइनखाली उभं राहून पायाचं लोखंड कापायचं आणि मनोरा कुठे पडेल, तार कधी जमिनीला लागेल याचा अंदाज बांधून मागे पळायचं, हे आपल्यातल्या एकालाही सांगितलं तर सेफ्टी शूज आधी मागू. लाइन ट्रिप होण्याआधीच्या क्षणात पडलेल्या तारेजवळच्या जमिनीतून चालणंही जीवावर बेतू शकतं.

खरं सांगायचं तर इलेक्ट्रिकलची विद्यार्थिनी म्हणून मनोरा पडला हे वाचून मला पहिल्यांदा वाईटच वाटलं. ती लाइन उभारणाऱ्यांनीही घाम गाळला होता. पण हत्यार हातात घ्यायचं ठरवल्यावर त्यांनी लोखंड कापायचं ठरवलं, हा फरक माझ्या मते मोठा आहे. आणि दुसरं म्हणजे हा माणूस वकील होता. कुठल्या कृत्याला कायद्यात काय शिक्षा आहे हे दस्त्यातल्या बाकी सगळ्यांपेक्षा त्याला जास्त माहीत होतं. अडाणीपणाने उडी घेणं वेगळं आणि कलम पाठ असताना घेणं वेगळं.

डिसेंबरात पोलिसांचा फास आवळत गेला. दस्ता सिद्धगडच्या जंगलात होता. सिद्धगड मुरबाड तालुक्यात येतो, भीमाशंकरच्या डोंगररांगेला लागून. आपल्यातले ट्रेकर तिथे जाऊन आलेत, त्यांना ती चढण आणि ते दाट रान माहीत आहे. त्यांचा ठावठिकाणा फोडला गेला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे हॉल नावाच्या अधिकाऱ्याच्या पोलिसांनी त्यांना गाठलं. गोळीबारात हिराजी पाटील पडले आणि भाई कोतवालही. भाईंना एक महिन्यापूर्वीच तिसावं वर्ष पूर्ण झालं होतं. फायनलचा निकाल लागून जेमतेम पंधरा-सोळा वर्षं झाली असतील.

गोमाजींच्या घरातून मुलगा गेला. मानिवली गाव आजही हिराजींचं नाव अभिमानाने सांगतं, पण भाईंवर लिहिताना बहुतेक लोक हिराजींना एका ओळीत उरकतात. मीही जवळजवळ तेच केलं आहे, कारण जागा संपत आली.

२०२० मध्ये भाईंवर ‘शहीद भाई कोतवाल’ नावाचा मराठी सिनेमा आला होता. त्यावर आमच्या मेसच्या टेबलावर वाद झाला. एकीचं म्हणणं, एवढा हुशार माणूस जिवंत राहिला असता तर स्वातंत्र्यानंतर किती काम केलं असतं, धान्य कोठ्याच जिल्हाभर झाल्या असत्या. दुसरीचं म्हणणं, मग हिराजीला आणि त्या मास्तरांना कुठल्या तोंडाने जंगलात पाठवलं असतं, स्वतः घरी राहून? वाद रात्री साडेअकरापर्यंत चालला, रेक्टर मॅडमनी लाइट घालवले तेव्हा थांबला. मला दोघींचं पटतं. सध्या माझ्याकडे एका आयटी कंपनीचा इंटर्नशिपचा फॉर्म आहे आणि गेटची पुस्तकंही आहेत. दोन्हींपैकी काहीच अजून भरलेलं किंवा उघडलेलं नाही.

दरवर्षी १ जानेवारीच्या रात्रीपासून लोक सिद्धगडला जमतात आणि २ तारखेच्या पहाटे स्मारकापाशी मानवंदना दिली जाते. कर्जत-मुरबाडकडची शाळेतली मुलंही येतात. यंदा आमच्या विंगमधल्या सहा जणी जायचं म्हणताहेत. ट्रेकिंग क्लबने गाडीचं बघायचं कबूल केलं आहे. थंडी भरपूर असते, स्वेटर आणि टॉर्च न्यायचा. आणखी कोणाला यायचं असेल तर लेडीज हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर नाव लिहून ठेवा.