देवळाच्या पायरीअलीकडे

देव कोठे भेटतो, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे बहुधा एखाद्या क्षेत्राच्या नावाने दिले जाते. गाडगेबाबा पंढरीची वारी करीत. पण विठ्ठलाच्या गाभाऱ्याकडे न वळता ते वाळवंटातील वारकऱ्यांच्या सेवेत राहत. ही नास्तिकता नव्हे. देवाचा पत्ता त्यांनी बदलून घेतला होता, इतकेच.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परिटाच्या घरी जन्मलेला हा डेबूजी झिंगराजी जाणोरकर. वडील दारूपायी अकाली गेले आणि दापुऱ्यास मामाकडे वाढत असता मामांची जमीन सावकाराच्या घशात गेली. अर्थशास्त्राच्या अध्यापकास ग्रामीण कर्जबाजारीपणाचा धडा शिकविताना आकडेवारी धुंडाळावी लागते. डेबूजीने तो नांगर हाती धरून शिकला. दारू, नवससायास, बोकडबळी आणि ऐपतीबाहेरचे जेवणावळीचे खर्च हीच सावकाराच्या वहीची पहिली पाने, हे त्याने ओळखले. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मद्यमांस न करता त्याने गोड जेवण घातले. भाऊबंदांचा रोष ओढवून घेणे त्या काळी लहानसहान गोष्ट नव्हती.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. पुढे ऋणमोचन येथे, पौषातल्या यात्रेकरूंचे पूर्णेच्या चिखलात हाल होत म्हणून, त्यांनी घाट बांधण्याचे काम हाती घेतले. (गावाचे नावच ऋणमोचन असावे, हा योगायोग मोठा बोलका!) ते गावात शिरत ते हाती खराटा घेऊन. दिवसभर गल्ल्या झाडावयाच्या, रात्री कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तरे काढावयाची. दिवसा ज्याला वेडा भिकारी समजून हुसकले, तोच रात्री कीर्तनाला उभा राहिलेला पाहून गाव वरमत असे.

खराट्याचा अर्थ केवळ स्वच्छतेपुरता मर्यादित करणे ही आपली सोय आहे. झाडणे हे ज्या समाजात विशिष्ट जातींच्या माथी मारले होते, तेथे ते काम साऱ्या गावाचे ठरविणे म्हणजे गावगाड्याच्या मुळाशीच हात घालणे होते. पंढरपूरचे मंदिर साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ मध्ये अस्पृश्यांना खुले झाले; त्याच्या कितीतरी आधी बाबांनी त्याच गावी त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी केली होती. १९४९ मध्ये ती वास्तू त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. नाशिक, आळंदी, देहू येथेही धर्मशाळा झाल्या. लोकवर्गणीचा पैसा संस्थांच्या नावे राहिला, स्वतःच्या वा कुटुंबाच्या नावे नाही. देवाच्या नावाने जमलेल्या पैशाचा हिशेब इतका चोख ठेवणारे विरळाच.

आंबेडकर ६ डिसेंबर १९५६ रोजी गेले. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावनजीक बाबांचा देह पडला.

त्यांच्या नावाचे ग्रामस्वच्छता अभियान २००० साली राज्य शासनाने सुरू केले, हे योग्यच झाले. तपासणी समिती यावयाची त्या आदल्या दिवशी सरपंचापासून विद्यार्थ्यांपर्यंत सारे खराटा घेऊन रस्त्यावर दिसतात. दुसऱ्या दिवसापासून तो कोणाच्या हाती जातो, हे मात्र ग्रामपंचायतीच्या सफाई कामगारांच्या हजेरीपटावर वाचावे लागते.